इशाऱ्याच्या दिव्याची कुळकथा

क्रीडामोटार वाऱ्यासारखी धांवत असतां 'इंजिन तपासा' हा पिवळा दिवा पुनःपुन्हां लागला, म्हणजे मालक संतापतो. परंतु हा दिवा मालकाच्या सोयीसाठीं जन्मास आलाच नाहीं. लॉस एंजेलिसवरील विषारी धुरकें मोटारींच्या धुरांतून उपजतें, हें हागेन-स्मिट यांनीं १९५० नंतर लवकरच दाखविलें. त्यांतून कॅलिफोर्नियांत कायदे झाले, आणि १९९६ पासून अमेरिकेंतील नव्या मोटारींस आपल्या धुरावर स्वतःच पहारा ठेवणें भाग पडलें.

धूर शुद्ध करणाऱ्या पात्राच्या अलीकडे व पलीकडे प्राणवायूचे मापक असतात. दोहोंचीं मापें सारखींच हेलकावूं लागलीं, कीं 'पी ०४२०' ही खूण नोंदली जाते. कारागीर लगेच महागडें पात्र बदलतो. पण नळीची गळती कायम राहिली, तर दिवा परत हजर! इंजिन तेल जाळीत असेल, तर नवें पात्रही कालांतरानें निकामी होतें. खूण हें लक्षण आहे, निदान नव्हे, असें आम्हांस वाटतें. कित्येक हौशी तर गर्जनेच्या मोहानें पात्रच काढून टाकतात, आणि वर दिव्यास बोल लावतात. मात्र तोच दिवा लुकलुकूं लागला, तर न जळलेलें पेट्रोल पात्रांत शिरून तें भाजून निघत आहे, असें समजावें.