विकिपीडियावर हेक्टर, एकर, मैल, गॅलन : आकडा कसा वाचायचा आणि कसा लिहायचा

मोबाईलवर आपल्या गावाचं नाव शोधलं की बऱ्याच वेळा मराठी विकिपीडियाचं पान समोर येतं. सुरुवातीलाच लिहिलेलं असतं की हे अमुक हेक्टर क्षेत्राचं गाव आहे. अशी बरीच पानं २०११ च्या जनगणनेतल्या गावनिहाय माहितीवरून तयार झालीत, आणि जनगणनेत क्षेत्र हेक्टरमध्येच असतं. आपण मात्र पारावर एकर आणि गुंठ्यात बोलतो. समजा पानावर ६१२ हेक्टर लिहिलंय, तर ते झालं सुमारे १,५१२ एकर, म्हणजेच ६.१२ चौरस किलोमीटर. हे पूर्ण भौगोलिक क्षेत्र असतं बरं का. गावठाण, गायरान, ओढे सगळं धरून. पेरणीखालचं क्षेत्र नव्हे.

विकिपीडिया हा कुणी पगारी लोकांनी लिहिलेला ज्ञानकोश नाही. जगभरातले स्वयंसेवक तो लिहितात आणि दुरुस्तही करतात, तुम्हीही करू शकता. त्यामुळे एकाच विषयावर अमेरिकेतला माणूस मैल लिहितो, आपल्याकडचा किलोमीटर. यात गोंधळ होऊ नये म्हणून इंग्रजी विकिपीडियाने नियम ठरवलेत. विज्ञानाचे लेख आणि बहुतेक देशांचे लेख यात मेट्रिक माप आधी द्यायचं. अमेरिकेशी घट्ट संबंध असलेला साधा लेख असेल तर तिथली मापं म्हणजे फूट, मैल, पौंड आधी. ब्रिटनचं गणित थोडं मजेशीर आहे. तिथे बाकी बरंचसं मेट्रिक, पण रस्त्याचं अंतर आणि गाडीचा वेग मैलात. आणि कुठलंही एक माप आधी आलं तरी दुसरं कंसात द्यायचं, म्हणजे वाचणारा अडत नाही.

कंसातला हा आकडा लिहिणाऱ्याने कागद-पेन्सिल घेऊन काढायचा नसतो. त्यासाठी 'कन्व्हर्ट' नावाचा साचा आहे. त्यात मूळ आकडा आणि माप टाकलं की रूपांतर आपोआप येतं. हा साचा आकडा किती बारीक द्यायचा तेही बघतो. मूळ पुस्तकात 'सुमारे ५० मैल' असेल तर साचा ८० किलोमीटर दाखवतो, ८०.४६७२ नाही. लिहिणाऱ्याने अंदाज दिला होता, मग मीटरपर्यंतचा आकडा आला कुठून? अशी खोटी अचूकता विकिपीडियावर चूकच धरतात, आणि ते बरोबर आहे.

दुसरी चूक असते दुहेरी रूपांतराची. जायकवाडीचं उदाहरण घ्या. धरणाची एकूण क्षमता २,९०९ दशलक्ष घनमीटर. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, मेट्रिकमध्ये २८.३१७ दशलक्ष घनमीटर. भागलं की येतात १०२.७३ टीएमसी. बातमीत कुणी सोयीसाठी १०३ टीएमसी लिहिलं, त्या बातमीवरून दुसऱ्याने परत दलघमी काढले, तर झाले २,९१७. धरण तेच, पाणी कागदावर आठ दलघमीने वाढलं! म्हणून मूळ सरकारी कागदात जे माप आहे तोच आकडा साच्यात टाकायचा. लेखात दुसरं माप आधी हवं असेल तर साच्यात क्रम उलटा करायची सोय आहे.

आता आपल्याकडचा खरा घोळ. जुन्या कागदावर आणि बोलण्यात '२.२० एकर' म्हणजे २ एकर २० गुंठे. एका एकराला ४० गुंठे, म्हणून हे झाले अडीच एकर, हेक्टरमध्ये १.०१. पण मोबाईलच्या कॅल्क्युलेटरला किंवा विकिपीडियाच्या साच्याला गुंठे कळत नाहीत. तो २.२० म्हणजे दोन पूर्णांक दोन दशांश एकर समजतो आणि उत्तर देतो ०.८९ हेक्टर. मधले १२ गुंठे गायब! मशीन चुकलेलं नसतं, आपण टिंबाचा अर्थ वेगळा धरलेला असतो. यावर साधा उपाय आहे. आधी सगळ्याचे गुंठे करा (२ × ४० + २० = १००), मग ४० ने भागा आणि येणारे २.५ एकर टाका.

सातबाऱ्यावर हेक्टर, आर आणि चौरस मीटर असे तीन भाग असतात. १.२०.०० म्हणजे १ हेक्टर २० आर, एकूण १२० आर. बरेच जण एक आर म्हणजे एक गुंठाच धरतात. जवळपास आहे, पण तंतोतंत नाही. गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, १,०८९ चौरस फूट. आर म्हणजे १०० चौरस मीटर, साधारण १,०७६ चौरस फूट. एका गुंठ्याला बारा-तेरा चौरस फुटांचा फरक काहीच वाटत नाही. पण व्यवहार पाच एकरांचा म्हणजे २०० गुंठ्यांचा ठरला आणि कागदावर २०० आर लागले, तर घेणाऱ्याचे सुमारे २,५२० चौरस फूट कमी झाले. म्हणजे दोन गुंठ्यांपेक्षा जास्त. बांधावरची भांडणं यापेक्षा कमी जागेवरून होतात.

खताचा डोस बघतानाही हेच. कृषी विद्यापीठांच्या शिफारशी सहसा हेक्टरी असतात, आपण टाकतो एकरी. समजा कुठल्या पानावर हेक्टरी १२० किलो नत्र लिहिलंय. युरियात नत्र ४६ टक्के, म्हणजे हेक्टरी साधारण २६१ किलो युरिया. एकराला तो १०६ किलोच्या आसपास बसतो, ४५ किलोच्या सव्वादोन-अडीच गोण्या. 'हेक्टरी' शब्द नजरेतून सुटला तर त्याच एकरात जवळजवळ सहा गोण्या जातात. पैसा जातो आणि पीकही माजतं. फवारणीच्या औषधात अशी अडीच पट चूक झाली तर विचारायलाच नको. त्यामुळे आकड्याच्या आधी त्याच्या शेजारचा शब्द वाचा.

अमेरिकन शेतीची पानं किंवा व्हिडिओ बघत असाल तर तिथे मक्याचं उत्पादन बुशेलमध्ये सांगतात. मक्याचा एक बुशेल २५.४ किलोचा, गव्हाचा २७.२ किलोचा. म्हणजे हे माप पिकानुसार बदलतं. एकरी १८० बुशेल मका म्हणजे सुमारे ४५.७ क्विंटल. गॅलनही दोन प्रकारचे आहेत, अमेरिकेचा ३.७८५ लिटर आणि ब्रिटिश ४.५४६ लिटर. टनाचंही तसंच. अमेरिकन टन ९०७ किलो, जुना ब्रिटिश टन १,०१६ किलो आणि आपला १,००० किलो. चांगल्या लेखात कुठला गॅलन, कुठला टन ते स्पष्ट लिहिलेलं असतं. नसेल तर तो आकडा हिशोबाला घेऊ नका.

तापमानाचं एक वेगळंच आहे. २ अंश सेल्सिअस तापमान म्हणजे ३५.६ फॅरनहाइट. पण 'तापमान २ अंश सेल्सिअसने वाढलं' याचं रूपांतर ३.६ अंश फॅरनहाइट होतं. वाढ मोजताना ३२ मिळवायचे नसतात. हवामानाच्या लेखात अनुवाद करणारे इथे हमखास घसरतात.

आपल्या देशात वजनासाठी मेट्रिक पद्धत १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली. शेर, मण हळूहळू गेले, पण जमिनीचं तोंडी माप गेलं नाही. बांधकामात अजून इंच-फूट चालतात, पाण्यासाठी टीएमसी आणि क्युसेक. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर. धरणातून १० हजार क्युसेक सोडले असं ऐकलं की सेकंदाला २ लाख ८३ हजार लिटर पाणी नदीत येतंय असं समजा.

आता गावाच्या पानावर चुकीचा आकडा दिसला तर काय करायचं? पानावरच 'संपादन' असतं, तिथून दुरुस्ती करता येते. पण फक्त 'मला माहितीय' चालत नाही. सरकारी नोंद किंवा छापील पुस्तकाचा संदर्भ जोडावा लागतो. माप बदलताना मूळचा हेक्टरचा आकडा पुसू नका, शेजारी कंसात एकर द्या. काय बदललं ते सारांशाच्या रकान्यात एका ओळीत लिहा. खात्री नसेल तर 'चर्चा' पानावर विचारा, 'इतिहास' उघडून आधी कुणी काय बदललंय तेही पाहून घ्या. स्वतःच्या जमिनीच्या मापासाठी मात्र विकिपीडिया नाही, सातबारा आणि मोजणीचा नकाशाच धरायचा.