कंबरमोडीचं माहेर

आदिलाबादच्या कापसाच्या रानात निंदताना विळा बोटाला लागला, की बाई बांधावरची कंबरमोडी खुडते, तळहातावर चोळते आणि हिरवा रस जखमेवर पिळते. कुणी तिला एकदांडी म्हणतं, तेलुगू शेजारी गड्डि चामंति. लांब दांडीवर एकच पिवळं फूल, कडेला पांढुरक्या पाकळ्या. इतकी घरची, की आयुर्वेदातली प्राचीन औषधी म्हणून तिची ओळख करून देणारेही भेटतात.

मला ते मुळीच मान्य नाही. १७५३ साली वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने तिचं ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स असं नाव नोंदवलं, तेव्हा तिचं गाव लिहिलं मेक्सिकोतलं व्हेराक्रूझ.

आणि तिकडेही ती जखमेवरच लावतात! दक्षिण मेक्सिकोच्या जंगलात चिकूच्या झाडाचा चीक काढणाऱ्या मजुरांना सँडफ्लाय चावते आणि लेशमानिया या परजीवीमुळे चिघळणारा व्रण होतो. तिथले लोक त्यावर हीच वनस्पती वापरत आले. संशोधकांनी तिच्यातून फाल्कारिनॉलच्या जातीचं एक द्रव्य वेगळं काढलं. प्रयोगशाळेत ते लेशमानियाच्या परजीवींना मारतं.

मग औषधही झाडाबरोबरच समुद्र ओलांडून आलं का? तसं मानणारे म्हणतील, इतका योगायोग कसा? माझं उत्तर चिकूकडे आहे. चिकू माणसांनी मुद्दाम आणला, म्हणून त्याचं मेक्सिकन नावही सोबत आलं. कंबरमोडीचं तिकडचं एकही नाव आपल्याकडे नाही. ती तण म्हणून आली; तिच्या बियांना तंतूंचा झुपका असतो, वाऱ्यावर आणि माझ्या मते कापसाच्या गाड्यांवरही ती पसरली. पाला चोळून जखमेवर लावायची रीत इथे आधीपासून होतीच. माक्याच्या कुळातलं हे नवं रोप हाताशी आलं, आणि निंदणाऱ्या हातांनी ते स्वतः पारखलं. दोन खंडांतल्या लोकांनी एकच गुण स्वतंत्रपणे शोधला, याला मी योगायोग म्हणत नाही. गुण पानातच आहे. त्यात ल्युटिओलिन, क्वेर्सेटिन ही द्रव्यं आहेत, तुरट टॅनिनं आहेत. रक्त थांबण्याचं श्रेय मी टॅनिनांना देतो. उंदरांवरच्या प्रयोगांत तिच्या अर्काने लायसिल ऑक्सिडेज हे विकर वाढलेलं दिसलं. नव्या त्वचेतले कोलॅजनचे धागे एकमेकांना बांधायचं काम तेच करतं.

मात्र तणनाशक फवारलेल्या बांधावरचा पाला जखमेला लावू नका. घाव खोल असेल तर आधी दवाखाना गाठा. धनुर्वाताला हा रस अडवत नाही, त्याला इंजेक्शनच लागतं.