पाळवणकर बंधू आणि कप्तानपद

खुलताबादेस येणारा पाहुणा औरंगजेबाची साधी, उघडी कबर पाहून परत फिरतो. मलिक अंबराच्या घुमटाकडे सहसा कोणी वळत नाही. हबसाणातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा पुरुष पुढे निजामशाहीचा सर्वाधिकारी झाला, आणि १६२६ साली मरेपर्यंत त्याने मोगली फौजांस दक्षिणेत सुखाने बसू दिले नाही. परवा सायंकाळी मी तिकडे गेलो असता वाटेवरच्या मोकळ्या जागेत पोरांचा तंटा लागला होता. क्रिकेटचा डाव मांडावयाचा, पण कप्तान कोणी व्हावयाचे? अखेर ज्याची बॅट तोच कप्तान, असा निवाडा झाला. मला हसू आले, आणि लागलीच पाळवणकर विठ्ठल ह्यांच्या ‘माझे क्रीडा-जीवन’ ह्या १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राची आठवण झाली.

खेळाडूने स्वतःच्या खेळाविषयी मराठीत लिहावे, हे त्या काळी अपूर्वाईचेच होते. परंतु पुस्तकाचे महत्त्व तेवढ्यावरच नाही. सामन्यांच्या धावा व बळी वर्तमानपत्रांत नोंदले जातात. चहाच्या वेळी कोण कोठे बसला, ह्यासाठी धावफलकात रकाना नसतो. तो रकाना भरावयाचा तर इतिहासकाराने अशा आठवणींकडेच गेले पाहिजे. रामचंद्र गुहा ह्यांनी हिंदी क्रिकेटचा सामाजिक इतिहास २००२ साली प्रसिद्ध केला, तेव्हा ह्या जुन्या मराठी पुस्तकाचा त्यांना मोठाच उपयोग झाला.

विठ्ठलांचे थोरले बंधू बाळू ह्यांचा जन्म १८७६ चा. घराणे चर्मकार समाजाचे. पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबात खेळपट्टी लाटणे, जाळी बांधणे ही त्यांची कामे. पगार महिना चार रुपये. तेथेच ते ग्रेगसारख्या नामांकित फलंदाजास सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकू लागले. डाव्या हाताने टाकलेला त्यांचा संथ, वळणारा चेंडू भल्याभल्यांस चकवी. पण बॅट त्यांच्या हाती कोणी देत नसे. फलंदाजी हा साहेबाचा मान! पुढे पुण्याच्या हिंदू संघास साहेबांवर जय मिळवावयाचा होता, म्हणून बाळूंस संघात घेतले. मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू सर्वांस चाले. चहा मात्र त्यांना मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात मिळे, आणि जेवणाचे पान वेगळे मांडले जाई.

१९०६ साली मुंबईस हिंदूंनी युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला, त्यात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता आणि बंधू शिवरामही त्या संघात होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ विलायतेस गेला. संघ बहुधा हरतच राहिला; एकट्या बाळूंनी मात्र ११४ बळी घेतले. इतके होऊनही हिंदू संघाचे कप्तानपद त्यांच्याकडे आले नाही.

कोणी म्हणेल, विलायतेत तरी काय निराळे होते? पैसे घेऊन खेळणाऱ्यास तेथेही कप्तान करीत नसत. लेन हटन इंग्लंडचा कप्तान झाला तो १९५२ साली. आक्षेप खरा आहे. पण पैशासाठी खेळणारा इंग्रज निदान आपल्या संघातील हौशी खेळाडूस विटाळ करीत नव्हता.

१९२० च्या चौरंगी सामन्यांत प्रकरण हातघाईवर आले. बाळूंस वगळण्यात आले. नेमलेले कप्तान पै आजारी पडले, तेव्हा अधिकार विठ्ठलांचा असता त्यांच्याहून कनिष्ठ अशा देवधरांस कप्तान केले. विठ्ठल व शिवराम ह्यांनी जाहीर निवेदन काढून संघ सोडला. देवधर हे थोर खेळाडू व संस्कृतचे प्राध्यापक. त्यांची योग्यता मी कमी लेखीत नाही. तथापि स्वतः प्राध्यापकी करीत असल्यामुळे ही हकीकत वाचताना मला थोडे अवघडल्यासारखे होते, हे कबूल केले पाहिजे. पदवीचा कागद व जन्म ही दोन्ही अनुकूल असली, म्हणजे आपणांस मिळालेले स्थान गुणांमुळेच मिळाले असे वाटू लागते. ज्याच्या घरची बॅट असते त्यालाही तसेच वाटत असावे.

पुढे तडजोड झाली. बाळूंस उपकप्तान म्हणून परत बोलावले, आणि सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर गेले. हेतू हाच, की तेवढा वेळ तरी बाळूंनी संघ चालवावा. पैंचे हे वर्तन सौजन्याचे होते ह्यात शंका नाही. परंतु पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर मिळालेला मान असा आडवाटेने मिळावा, हे मला पराभवाहूनही कष्टदायक वाटते.

विठ्ठलांना कप्तानपद मिळाले ते १९२३ साली, आणि त्याच वर्षी हिंदूंनी चौरंगी सामने जिंकले. त्या वेळी बाळूंचे वय ४७ वर्षांचे होते व त्यांचा खेळ संपला होता. जातवारीवर बेतलेले ते सामने, पुढे पंचरंगी होऊन, १९४६ च्या आरंभी कायमचे बंद पडले. त्यानंतर दोन वर्षांनी विठ्ठलांचे पुस्तक बाहेर आले. बाळू तेव्हा हयात होते.