पहारेपासून जॅकहॅमरपर्यंत

व्याख्यानाचे ठरवताना चिटणिसांनी मला विचारले, "कामगार चळवळीचा इतिहास सांगाल ना?" मी म्हटले, चळवळीचा नको, एका हत्याराचा सांगतो, चळवळ त्यात आपोआप येईल. काशीगावातून महामार्गाकडे जाणाऱ्या प्रत्येकाने हे हत्यार ऐकलेले आहे. रस्ता उखडताना कानठळ्या बसतात, तो त्याचाच आवाज. आपण त्याला सरसकट 'ब्रेकर' म्हणतो. वास्तविक ब्रेकर आणि जॅकहॅमर ही भावंडे. ब्रेकर नुसता ठोकतो. जॅकहॅमर प्रत्येक ठोक्यागणिक पोलादी कांब किंचित फिरवतो, म्हणून दगडात गोल भोक पडते. त्या भोकात दारू ठासायची, की सुरुंग तयार. खाण, विहीर, बोगदा, सगळीकडे काम हेच.

त्याच्या पोटातली रचना साधी आहे. कॉम्प्रेसर हवा दाबून नळीने पाठवतो. दाब चौरस इंचाला सुमारे ९० पौंड. आत एक दट्ट्या असतो. झडप ती हवा एकदा त्याच्या वर सोडते, एकदा खाली. दट्ट्या मागे जातो, पुढे येतो आणि कांबेच्या माथ्यावर आदळतो. मिनिटाला दीड-दोन हजार वेळा! घण मारणारा कितीही खंदा असला तरी ह्या हिशेबापुढे त्याने हात जोडावेत.

आता हे हत्यार नव्हते तेव्हाचे पाहू. बोरघाटातील लोहमार्गाचे काम १८५६ साली सुरू झाले व १८६३ साली गाडी वर चढली. पंचवीस बोगदे, आणि खडक कोणता, तर आपला सह्याद्रीचा काळा कातळ. पहारेने भोक पाडायचे, त्यात दारू भरायची, उडवायची, राडारोडा डोक्यावरून वाहायचा. १८६१ साली ह्या घाटात एका वेळी बेचाळीस हजार माणसे राबत होती. पटकीने आणि अपघातांनी किती गेली, ह्याचे आकडे अभ्यासक हजारोंनी मांडतात. १८५९ च्या जानेवारीत मजुरी थकली म्हणून मजूर चवताळून उठले, दंगल झाली आणि फॅव्हिएल नावाच्या कंत्राटदाराला पुढे काम सोडावे लागले. त्याच्या जागी आलेला ट्रेडवेल काही दिवसांतच वारला; मग त्याच्या पत्नीने, ॲलिसबाईंनी, ते कंत्राट तडीस नेले. आमच्या युनियनच्या पोरांना मी नेहमी सांगतो, थकलेल्या मजुरीसाठी उठणे ही काही आपण लावलेली रीत नव्हे.

योग पाहा. बोरघाटात ती बेचाळीस हजारांची जत्रा भरली होती, त्याच १८६१ साली आल्प्सच्या माँ सेनी बोगद्यात सोमेये ह्या इंजिनियराने दाबलेल्या हवेची यंत्रे चालू केली. वाफ का नको? बोगद्यात बॉयलर पेटवला तर माणूस गुदमरेल. हवा मात्र काम करून सुटली की श्वासालाही उपयोगी! ती यंत्रे अवजड होती, गाड्यावर बसवलेली. एका माणसाने हातात धरण्याजोगे यंत्र यायला विसाव्या शतकाचे दुसरे दशक उजाडले. जॅकहॅमर हे तेव्हाचे एका कंपनीच्या मालाचे नाव. पुढे ते सगळ्यांचेच झाले.

मधल्या काळात एक गोष्ट घडली, ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लायनर नावाच्या अमेरिकन कारागिराने कांब पोकळ केली आणि तिच्यातून हवा फुंकून भोकातला भुगा बाहेर काढला. काम भराभर होऊ लागले. पण धूळ इतकी, की खाणकामगारांनी त्या यंत्राला 'विधवा करणारे' असे नाव दिले. मग लायनरने त्याच कांबेतून पाणी सोडले. धूळ चिखल होऊन खाली बसली. म्हणजे सिलिकोसिसवरचा उपाय शंभराहून अधिक वर्षे माहीत आहे.

मी तरुण असताना एका दगडखाणीवर पाण्याची नळी मागायला गेलो होतो. मालक म्हणाले, पाणी कुठून आणू? हे अपेक्षितच होते. अपेक्षित नव्हते ते आमच्याच माणसांचे म्हणणे. यंत्रावरचा एक जण म्हणाला, "भाऊ, पाण्याने चिखल उडतो, कांब अडकते, दिवसाची भोके कमी भरतात. आम्हाला पैसे फुटावर मिळतात." त्याच्या भुवया पिठाच्या गिरणीत बसल्यासारख्या पांढऱ्या होत्या. मी कायदा सांगू लागलो: १९५२ च्या खाण कायद्यातून तेव्हा लहान दगडखाणींना सूट होती, पण जिथे सुरुंग लागे तिथे ती सूट नव्हती. तो शांतपणे ऐकत राहिला आणि म्हणाला, "कायदा फूट मोजतो का?"

त्या रात्री आम्ही मागण्यांचा कागद फाडून नवा लिहिला. पहिले कलम रोजावर मजुरीचे, पाण्याची नळी दुसऱ्या कलमात. सात महिने लागले. नळी आली, आणि पहिल्याच दिवशी तिच्या तोंडाला आपले जुने धोतर गुंडाळून तिची गळती थांबवणारा तोच होता.