कोयते वाढवले, काटा एकच

बीडहून मांजरसुंब्याच्या रस्त्याला लागलं की बिंदुसरेच्या धरणाशी पाली लागते. पालीच्या शेतकऱ्याला मोबाईलवर पावसाचा जो अंदाज मिळतो, त्यामागची आकडेमोड पुण्यात पाषाणला, भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत होते. पूर्वी या गणितासाठी देशाचा नकाशा १२ किलोमीटरच्या चौकटींत वाटलेला असे. म्हणजे पाली, धरण आणि निम्मं बीड शहर बहुधा एकाच चौकटीत. २६ मे २०२५ ला सुरू झालेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ने ती चौकट ६ किलोमीटरवर आणली. ऐकायला निम्मी, पण चौकटी झाल्या चौपट. शिवाय चौकट लहान झाली की हिशोबही वेळेच्या लहान टप्प्यांनी करावा लागतो, त्यामुळे काम जवळपास आठपट. हे एका प्रोसेसरचं काम नाही. हजारो प्रोसेसर आपापला नकाशाचा तुकडा घेऊन बसतात आणि दर टप्प्याला शेजाऱ्याला विचारतात, तुझ्या हद्दीवर वारा किती, दमटपणा किती?

एक प्रोसेसर की अनेक, हा प्रश्न आपल्या देशात नीट उभा राहिला तो मात्र हिशोबातून नव्हे, नकारातून. १९८०च्या दशकात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेसाठी क्रे कंपनीचा ‘एक्स-एमपी/२४’ हा महासंगणक हवा होता. त्या नावातला पहिला आकडा प्रोसेसरांचा, दुसरा मेमरीचा. म्हणजे मागणी दोन प्रोसेसरांची होती. याचा वापर अण्वस्त्रांच्या गणितासाठी होईल या शंकेने अमेरिकेने नाही म्हटलं. मग बरीच घासाघीस होऊन फक्त हवामानाच्या कामासाठी, अटी घालून दिल्लीला मिळाला तो ‘एक्स-एमपी/१४’. एकच प्रोसेसर. या खरेदीच्या गोष्टीत राजकारण भरपूर सांगितलं जातं, पण तो एका आकड्याचा फरक मला जास्त बोलका वाटतो.

या नकारानंतर, आपला महासंगणक आपणच घडवायचा म्हणून मार्च १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणन संस्था उभी राहिली. प्रमुख होते विजय भटकर, अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. मुदत तीन वर्षांची. क्रेसारखा एक अजस्र प्रोसेसर घडवण्याची सोय आपल्याकडे नव्हती. पण लहान प्रोसेसर बाजारात मिळत होते. ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचा ‘ट्रान्सप्युटर’ तर मुळी एकत्र जोडण्यासाठीच बनवलेला. प्रत्येकाला स्वतःची मेमरी आणि शेजाऱ्यांशी बोलायला चार दुवे. त्यांची जाळी विणून १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. त्याच सुमारास मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्राने इंटेलचे प्रोसेसर जोडून ‘अनुपम’ केला. बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेचा ‘फ्लोसॉल्व्हर’ तर त्याआधीचा. ज्यांना एक मोठा मिळेना, ते सगळे एकाच वाटेला लागले.

आणि तीस वर्षांनी काय झालं पाहा. २०१८ मध्ये पाषाणला बसलेला ‘प्रत्युष’ हा महासंगणक पुन्हा क्रे कंपनीचाच होता. या खेपेला त्यात लाखाहून जास्त कोअर, म्हणजे चिपच्या आतले स्वतंत्र प्रोसेसर. आता तिथे ‘अर्का’ आहे, २०२४ चा.

पण अनेक प्रोसेसर म्हणजे अनेकपट वेग, हे गणित तेव्हाही खरं नव्हतं, आजही नाही. आयबीएमच्या जीन अ‍ॅमडालने १९६७ मध्येच ही मर्यादा मांडली, आणि मांडली ती एका प्रोसेसरची बाजू घेऊन. बीड जिल्ह्यात हे कुणालाही पटकन समजावं. इथले मुकादम उचल देऊन ऊसतोडीला कोयते नेतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा गडी म्हणजे अर्धा. कोयते दुप्पट केले की फड निम्म्या वेळात तुटतो. पण कारखान्याच्या दारात वजनकाटा एक असेल, तर गाड्यांची रांग लागायची ती लागतेच. शंभर तासांच्या कामात पाच तास काट्याचे असतील, तर कोयते हजार लावा, ते पाच तास हटत नाहीत. वेग वीसपटीपुढे जात नाही. हाच अ‍ॅमडालचा नियम.

संगणकातला काटा कुठे असतो? लिनक्सचं उदाहरण घ्या. १९९६ च्या २.० आवृत्तीत ते एकाहून जास्त प्रोसेसरांवर चालू लागलं, पण आत एक मोठं कुलूप होतं. ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात एका वेळी एकच प्रोसेसर शिरणार, बाकीचे दाराशी उभे. दोन प्रोसेसरचा सर्व्हर घेणाऱ्याने पैसे दोघांचे मोजले, आणि काही कामांत हाती दीडाचाही वेग आला नाही. ते कुलूप तुकड्यातुकड्याने काढत काढत पुरतं निघालं २०११ मध्ये. पीक विम्याच्या शेवटच्या तारखेला सेवा केंद्रात ‘सर्व्हर डाऊन’ ऐकू येतं, तेव्हाही प्रोसेसर कमी पडले असंच समजायचं कारण नाही. डेटाबेसमधल्या एकाच नोंदवहीवर सगळे अर्ज अडले असतील, किंवा ओटीपी पाठवणारी यंत्रणा दमली असेल.

एका प्रोसेसरचा पक्ष पुढे हरला तो उष्णतेमुळे. प्रोसेसरची गती वाढवत नेण्याचा मार्ग पेंटियम ४ पर्यंत, ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोचला आणि चिप इतकी तापू लागली की इंटेलने २००४ मध्ये पुढची रचना रद्द केली. आयबीएमने २००१ मध्येच एका चिपवर दोन कोअर बसवले होते. २००५ मध्ये इंटेल आणि एएमडीने ते सगळ्यांच्या टेबलावर आणले. इथे जुना प्रश्नच फिरला. ‘एक प्रोसेसर’ म्हणजे एक काय? एक सॉकेट, म्हणजे मदरबोर्डवरची चिप बसवायची खाच, की एक कोअर? २०१९ पासून एएमडीच्या एका ‘एपिक’ चिपमध्ये ६४ कोअर मिळतात. परममध्ये कपाटभर पसरलेली गोष्ट आता तळहाताएवढी झाली आहे.

त्यामुळे आज एखाद्या पतसंस्थेने किंवा महाविद्यालयाने दोन सॉकेटचा सर्व्हर मागवला की मला आधी कोटेशन पाहावंसं वाटतं. दोन सॉकेट लागतात, नाही असं नाही. मेमरी प्रचंड हवी असेल, एका यंत्रावर डझनावारी आभासी सर्व्हर चालवायचे असतील, तर घ्यावेत. पण प्रत्येक सॉकेटची मेमरी वेगळी असते. एका प्रोसेसरला दुसऱ्याकडची मेमरी वाचायची तर वळसा पडतो. लायसन्सचं वेगळंच. २०१६ च्या आवृत्तीपासून विंडोज सर्व्हरचे पैसे कोअरप्रमाणे लागतात, आणि यंत्र कितीही लहान असो, कमीत कमी १६ कोअरचे. दोन सॉकेट भरले की हा आकडा कुठे जातो ते विक्रेता शेवटच्या पानावर सांगतो.

दुसरा प्रोसेसर म्हणजे ‘एक बंद पडला तर दुसरा आहे’ हा समज तर हमखास ऐकू येतो. दोघे एकाच मदरबोर्डवर असतात. एक गेला की बहुतेक वेळा यंत्रच थांबतं. बऱ्याचदा साधारण तेवढ्याच पैशांत एकेक सॉकेटची दोन यंत्रं येतात, आणि ती वेगवेगळ्या खोल्यांत ठेवता येतात. त्यातूनही काही उरलं तर यूपीएसच्या बॅटऱ्या बदलून घ्याव्यात. बीडच्या विजेला ते जास्त मानवतं.