शीत वायुग्राहक
मोटारगाडीच्या एंजिनास सभोवतीच्या तप्त हवेऐवजी बाहेरील थंड व अधिक घन हवा पुरविणारी, मूळ वायुशोधकाच्या जागी बसविण्यात येणारी नलिका व गाळणी यांची जोडणी (→ अंतर्ज्वलन एंजिन).

अमेरिकेत १९६६ मध्ये ओल्ड्समोबील कंपनीने आपल्या ४४२ गाडीच्या ‘डब्ल्यू-३०’ प्रकारात पुढील बंपरापासून कार्ब्युरेटरपर्यंत हवा नेणाऱ्या नलिकांची तजवीज केली (→ कार्ब्युरेटर). कालांतराने घरी बसविण्याजोगे सुटे संचही बाजारात आले.

गार एंजिनाच्या बॅटरीचे ऋण अग्र सोडवून, मूळ पेटी उतरवून, वायुप्रवाहमापक संवेदक त्यावरील बाणाच्या दिशेनुसार नव्या नलिकेत बसवून, रबरी सांधे क्लॅम्पांनी आवळून आणि उष्णतारोधक पत्रा लावून जोडणी पुरी होते. संवेदकापुढील सांध्यातून हवा शिरल्यास इंधनमिश्रणाचे प्रमाण बिघडते. गाळणी फार खाली असल्यास साचलेले पाणी सिलिंडरांत ओढले जाऊ शकते.

आत येणाऱ्या हवेचे तापमान सुमारे १०° से. घटल्यास तिची घनता सुमारे ३ टक्के वाढते. तथापि मूळ रचनाच बाहेरील हवा घेत असल्यास शक्तिवृद्धी अल्प राहून आवाज तेवढा वाढतो. कॅलिफोर्नियात सार्वजनिक रस्त्यावरील वापरास राज्याच्या हवा संसाधन मंडळाचा सूट-आदेश लागतो; भारतात वाहनांतील फेरबदलांचे नियमन मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये होते (→ वायुप्रदूषण).