भागाकारातली बाकी



कामगार चळवळीतल्या माणसाने संगणकाच्या भाषेचा इतिहास सांगावा, हे आपणांस जरा विपरीत वाटेल. आमची शाळा मध्येच सुटली. जे थोडे शिकलो ते हजेरीपट आणि पगाराच्या चिठ्ठ्या वाचता वाचता. अशाच एका चिठ्ठीने आम्हांला या विषयाच्या दारात आणून उभे केले, म्हणून प्रथम तीच हकीकत सांगतो.

एका कारखान्यात महिन्याचा पगार १२,४०० रुपये ठरला होता आणि कामाचे दिवस २६ धरले जात. सव्वीसही दिवस हजर राहिलेल्या माणसाच्या चिठ्ठीवर मात्र १२,३७६ रुपये येत. चोवीस रुपये गेले कोठे? हिशेबनीस म्हणाले, "यंत्राचा हिशेब आहे, यंत्र चुकत नाही." माणसे पाचशे, म्हणजे महिन्याला १२,००० रुपयांचा प्रश्न होता. आमच्या कचेरीत एका कामगाराचा डिप्लोमा शिकणारा मुलगा येत असे. त्याने सी भाषेत चार ओळी लिहिल्या: पगार आत घ्यायचा, दिवसांनी भागायचा, हजेरीने गुणायचा, उत्तर छापायचे. पडद्यावर नेमके १२,३७६ उमटले. मुलगा म्हणाला, "काका, हा तर पहिल्या आठवड्याचा धडा!"

तो धडा कोठून आला, हे पाहू. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्सन यांनी बी नावाची भाषा रचली. तिच्यात राशींचे निरनिराळे प्रकार नव्हते. यंत्राचा एक ठरीव कप्पा, त्यात काय ते ठेवा. त्यांचे सहकारी डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास तिच्यातून सी घडवली आणि राशींना प्रकार दिले: अक्षर वेगळे, पूर्णांक वेगळा, दशांशाचा आकडा वेगळा. १९७३ मध्ये युनिक्स ही यंत्रणा या भाषेत नव्याने लिहिली गेली आणि सीचे बस्तान बसले.

१९७८ साली ब्रायन कर्निघन आणि रिची यांचे पुस्तक निघाले. त्यातला पहिला पाठ केवळ 'हॅलो, वर्ल्ड' हे दोन शब्द छापण्याचा. आधी यंत्राला बोलते करा, मग हिशेब सांगा, असा तो क्रम. लगेच पुढे फॅरनहाइटचे सेल्सिअस करण्याचे कोष्टक येते. बत्तीस वजा करून पाच नवमांशांनी गुणायचे, हे आपण शाळेत शिकलो. पण सीमध्ये पाच भागिले नऊ असे दोन पूर्णांक लिहिले की उत्तर शून्य येते! पूर्णांकाला पूर्णांकाने भागले की अपूर्णांक गळतो, हा नियम. म्हणून १९८८ च्या दुसऱ्या आवृत्तीत आधी पाचाने गुणून मग नवाने भागले आहे. तरीही शून्य फॅरनहाइटपुढे उणे १७ छापले जाते. खरे उत्तर उणे १७.८ आहे. दशांशाचा प्रकार घेतला तेव्हा कोठे तो अपूर्णांक परत येतो.

ही चाल काही सीने काढली नाही. १९५७ च्या फोर्ट्रान भाषेतही ती होती. उणे संख्यांच्या बाबतीत तर अपूर्णांक कोणत्या बाजूला टाकावा हे सीमध्ये कित्येक वर्षे ज्या त्या यंत्रावर सोडले होते. तो शून्याच्या बाजूनेच टाकायचा, असा ठराव १९९९ च्या प्रमाणित सीमध्ये झाला. म्हणजे हा निसर्गाचा नियम नव्हे. माणसांनी बसून ठरवलेली गोष्ट आहे.

आता आमच्या चिठ्ठीकडे परत येऊ. १२,४०० ला २६ ने भागले की ४७६ रुपये आणि वर सुमारे ९२ पैसे येतात. पैसे गळाले, उरले ४७६. त्याला सव्वीसने गुणले की १२,३७६. मग आधी गुणून नंतर भागावे का? गुणाकार ३,२२,४०० होतो. सी जिच्यावर वाढली त्या पीडीपी-११ या यंत्रावर पूर्णांकाला सोळा बिटांचेच घर होते. त्यात ३२,७६७ च्या वर काही मावत नसे. आपल्याकडच्या महाविद्यालयांत वर्षानुवर्षे चाललेल्या टर्बो सीमध्येही तेच माप. तेथे मोठा प्रकार मुद्दाम मागून घ्यावा लागे. एक खड्डा चुकवावा तर दुसरा समोर!

पण त्याच भाषेत भागाकाराच्या चिन्हाशेजारी आणखी एक चिन्ह आहे. टक्केवारीचे असते तेच. मात्र येथे ते बाकी किती उरली ते सांगते. मुलाने ते वापरले आणि पडद्यावर २४ हा आकडा आला. गेलेले चोवीस रुपये यंत्राला ठाऊक होते. त्याला ते कोणी विचारलेच नव्हते.

तो कागद आम्ही व्यवस्थापनापुढे ठेवला. घोषणा नाही, मोर्चा नाही. पुढच्या महिन्यात फरक मिळाला. हिशेबनिसांचे म्हणणे एका अर्थी खरेच होते: यंत्र चुकले नव्हते, त्याने सांगितले तेवढे केले. सांगणारा माणूस होता, आणि माणसाला जाब विचारता येतो.

आपली मुले या भाषेचे पहिले धडे गिरवत असतील तर त्यांच्याजवळ बसा. आकडा आत कसा जातो, बाहेर कसा येतो आणि मध्ये बाकी कोणाच्या पदरात पडते, एवढे त्यांना विचारा. आमच्या मते हिशेबाचे अर्धे शिक्षण त्यात आहे.